'नोटॅबिलिटी'ला काय म्हणावे? उल्लेखनीयता, दखलपात्रता की आणखी काही

आडवाट:
खेळाडूंवर ऑनलाइन ज्ञानकोशात लेख असावा की नसावा, याचे इंग्रजी विकिपीडियावरचे निकष मराठीत लिहिताना एका शब्दापाशी अडले आहे. 'नोटॅबिलिटी'ला मराठी विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' म्हणतात. खेळाडूंच्या बाबतीत हा शब्द दोन्हीकडून घोळ करतो. क्रीडापानावर 'उल्लेखनीय कामगिरी' म्हणजे चांगली कामगिरी, म्हणून चर्चेत लगेच पदकांची यादी येते. दुसरीकडे 'उल्लेख' म्हणजे नुसते नाव येणे, म्हणून निकालाच्या बातम्यांचे दहा दुवे चिकटवून "उल्लेख तर आहेत" असा युक्तिवाद होतो. निकषाचा रोख दोन्हींवर नाही. खेळाडूशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी त्याच्याविषयी विस्ताराने लिहिले आहे का, एवढेच त्याला विचारायचे आहे. मला 'दखलपात्रता' बरा वाटतो. कोणाची हरकत?

सुनंदा:
माझी आहे. 'दखलपात्र' हा शब्द पोलीस ठाण्याने कधीच घेऊन टाकला आहे. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात तो, आणि अदखलपात्र म्हणजे एनसी. पान काढून टाकण्याच्या चर्चेत 'हा खेळाडू अदखलपात्र आहे' असे लिहिणे मला योग्य वाटत नाही. त्या चर्चा खेळाडूच्या घरचेही वाचतात. शिवाय 'पात्रता' हा खेळातला ठरलेला शब्द आहे: पात्रता फेरी, ऑलिंपिक पात्रता. 'धावपटूची दखलपात्रता सिद्ध झालेली नाही' हे वाचून तो पात्रता फेरीत बाद झाला असेच वाटेल.

वि. ग.:
'दखल' मुळात अरबी. ज्ञानकोशाची परिभाषा एका घडणीची हवी, म्हणून 'विश्वकोशार्हता' घ्यावा. आणि 'उल्लेख'ला इतके हलके समजू नका. उद् अधिक लिख्, म्हणजे ओरखडून, कोरून वर काढणे. नुसते नाव येणे हा त्याचा झिजलेला अर्थ आहे. शब्द झिजला तर त्याला पुन्हा धार लावायची, टाकून द्यायचा नाही.

शैलेश बेळगावकर:
अरबी म्हणून दखल नको, तर मग दाखल, दाखला, जन्माचा दाखला हे सगळेच काढावे लागतील. धातू एकच, अर्थ आत शिरणे. कोशात कोणाला आत घ्यायचे हाच प्रश्न असेल, तर याहून नेमका धातू कुठला? हिंदीत 'दखल देना' म्हणजे ढवळाढवळ. मराठीने 'दखल घेणे' असा स्वतःचा अर्थ घडवला, तो जपायला हवा. 'विश्वकोशार्हता' व्याकरणात बसतो, पण साच्यात, म्हणजे पानावर डकवायच्या तयार सूचनेत, लिहिला तर नवा सदस्य तो ओलांडून पुढे जाईल. 'उल्लेख'चे मूळ कोरणे असेल, तरी आजचा वाचक ते मूळ मनात धरून वाचत नाही.

रिंगण:
शब्द कोणताही ठेवा, त्याखाली काय मोजायचे ते आधी स्पष्ट करा. खो-खोचे उदाहरण घ्या. बातमीच्या शेवटी असते: 'विजयी संघातर्फे अमुक (२.१० मि. संरक्षण व ३ गुण), तमुक (१.५० मि. नाबाद संरक्षण)'. अशा पन्नास बातम्या जमवल्या तरी लेखाला एक वाक्य मिळत नाही. गाव, प्रशिक्षक, खेळण्याची ढब, दुखापत, कारकिर्दीचा काळ, काहीच हाती लागत नाही. हा उल्लेख झाला.

विस्ताराने लिहिणे म्हणजे वार्ताहराने स्वतः चौकशी करून दोन-चार परिच्छेद त्या खेळाडूवर खर्च करणे. नवे लोक तीन ठिकाणी फसतात. पहिले, जिल्हा संघटनेचे प्रसिद्धिपत्रक पाच दैनिकांत जसेच्या तसे छापून येते. पहिले वाक्य शब्दशः जुळते का ते पाहा. जुळले तर पाच दुवे मिळून स्रोत एकच, आणि तोही संघटनेचा, म्हणजे स्वतंत्र नाही. दुसरे, मुलाखत. खेळाडूने स्वतःबद्दल सांगितलेले स्वतंत्र धरत नाहीत. वार्ताहराने जोडलेली माहिती तेवढी धरता येते. तिसरे, सत्काराची बातमी. व्यासपीठावर कोण कोण होते हे त्यात सविस्तर असते आणि सत्कारमूर्तीला एक ओळ. आकडेवारीची संकेतस्थळे तर बाजूलाच ठेवा. तिथे खेळलेल्या प्रत्येकाचे पान असते, म्हणून तिथे असण्याने काहीच ठरत नाही.

मुक्ता:
मराठी विश्वकोशाची परंपरा कशी विसरता? तिथे लेखाला 'नोंद' म्हणतात आणि लिहिणाऱ्याला 'नोंदलेखक'. मग 'नोंदयोग्यता' सरळ आहे. गुजरातीत 'नोंध' आहे, मराठीत तो महाप्राण गळला असावा. पोलिसांचा वास नाही, पात्रता फेरीचा गोंधळ नाही.

सुनंदा:
पोलीस ठाण्यातही नोंदच होते, मुक्ताताई. तरीही 'नोंदयोग्यता' मला दखलपात्रतेपेक्षा मवाळ आणि बरा वाटतो. खटकते ते निराळेच. विश्वकोशात कोणाची नोंद घ्यायची हे तज्ज्ञांचे मंडळ ठरवी, कारण पाने मोजकी. ऑनलाइन कोशात पानांची टंचाई नाही आणि मंडळही नाही. तिथे इतरांनी काय लिहिले यावर ठरते. 'योग्यता' म्हटले की पुन्हा खेळाडूची लायकी तोलणे आले.

आडवाट:
हाच मुद्दा. अँटवर्पच्या १९२० च्या ऑलिंपिकचे उदाहरण पाहा. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने भारतातून जो छोटा चमू गेला, त्यात फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. कुस्तीत रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे. इंग्रजी विकिपीडियावर पूर्वी ऑलिंपिकमध्ये उतरला की लेख, असा सरळ हिशेब होता. २०२१ मध्ये तो पदकविजेत्यांपुरता आवळला. २०२२ च्या मार्चमध्ये तर 'एक सामना खेळला की पुरे' या धर्तीचे सगळेच निकष काढले आणि खेळाडूच्या प्रत्येक चरित्रलेखात विस्ताराने लिहिणारा निदान एक स्रोत हवा, तो आकडेवारीचा कोश असून चालणार नाही, अशी अट आली. म्हणजे रणजीचा एकच सामना खेळलेल्याला पूर्वी आपोआप पान मिळे, आता नाही. आणि पदक असले तरी तो फक्त अंदाज असतो की स्रोत सापडतील. स्रोत शोधावे लागतातच.

शिंदे यांची चौथी जागा मोठीच आहे. पण लेख टिकेल तो त्यांच्यावर कोणी काय लिहिले यावर. नाहीच मिळाले, तर नाव '१९२० च्या ऑलिंपिकमध्ये भारत' या पानाकडे पुनर्निर्देशित करायचे, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप त्या पानावर पोचतो. काढून टाकायचे नाही. पानाचा संपादन-इतिहास शाबूत राहतो आणि उद्या जुना अंक हाती लागला की पान पुन्हा उघडता येते.

वि. ग.:
पण या सगळ्यांना तुम्ही मसुद्यात 'किरकोळ खेळाडू' म्हटले आहे, ते आधी काढा. किरकोळ म्हणजे घाऊकच्या उलट, सुट्टा माल. देशासाठी धावलेल्या माणसाला हे विशेषण लावू नये. 'अल्पपरिचित' म्हणा.

शैलेश बेळगावकर:
किरकोळचे नाते मला कन्नड 'किरुकुळ'शी दिसते. 'किरु' म्हणजे लहान. आज कन्नडमध्ये त्याचा अर्थ छळ असा उरला आहे, म्हणून 'किरकोळ' मलाही नको. पण 'अल्पपरिचित'ही चुकीचा: कोल्हापूरच्या तालमीत सगळ्यांना ठाऊक असलेला मल्ल अल्पपरिचित कसा? परिचय कोणाला, हे आधी सांगावे लागेल.

रिंगण:
'किरकोळ'साठी इंग्रजीत असलेला 'मायनर' अल्पवयीनही असतो, तो अर्थ मसुद्यात चुकूनही शिरू देऊ नका. कारण त्यांचे निकष वेगळे आणि जास्त कडक आहेत. शालेय खेळाडूवर लेख हवा असेल तर नेहमीच्या निकालवृत्तापलीकडचे, स्वतंत्र आणि दीर्घकाळ चाललेले लेखन लागते. खो-खोत कुमारांना वीर अभिमन्यू आणि मुलींना जानकी पुरस्कार मिळतो. पुरस्काराच्या दिवशी सगळीकडे बातमी येते आणि उत्साहाने पान तयार होते. ती एका दिवसाची बातमी झाली. शाळा, जन्मतारीख, घरचा पत्ता अशी माहिती त्या पानावर कायमची राहते, याचा विचार आधी व्हायला हवा. पान तोवर धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर, ठेवावे.

मुक्ता:
मग साच्यात नामच नको. सरळ प्रश्न लिहा: 'या खेळाडूविषयी स्वतंत्र स्रोतांनी विस्ताराने लिहिले आहे का?' वाचणाऱ्याला काय शोधायचे ते लगेच कळते.

वि. ग.:
प्रश्न ही परिभाषा नव्हे. पानांच्या वर्गाला नाव लागते, धोरणाच्या पानाला शीर्षक लागते, 'विस्ताराने लिहिले आहे का या कारणास्तव काढलेली पाने' असा वर्ग करणार का? नाम हवेच, आणि ते संस्कृतातून सहज घडते.

सुनंदा:
वर्गाचे नाव 'अपुऱ्या स्रोतांमुळे काढलेली पाने' असे ठेवता येते. त्यात दखलही नाही, अर्हताही नाही, आणि कारण खरे ते लिहिलेले आहे.

शैलेश बेळगावकर:
स्रोत अपुरे की शोध अपुरा, हेही पाहा. परदेशी नोंदींत वरच्या मल्लाचे नाव 'रणधीर शिंदेस' असे आहे. त्या नावाने शोधले तर मराठी मजकूर सापडणारच नाही, आणि सात दिवसांच्या चर्चेत 'काहीच मिळाले नाही' म्हणून निकाल लागेल. 'शिंदे' घालून शोधा, आणि चौगुल्यांसाठी 'चौगुले', 'चौगले', 'पी. डी. चौगुले' सगळे घालून पाहा. ते बेळगावचे, म्हणून कन्नड लिपीतही शोधले पाहिजे.

वि. ग.:
'शिंदेस'मधला 'स' इंग्रजी अनेकवचनाचा असावा. मराठीत शीर्षक 'रणधीर शिंदे' असेच हवे.

मुक्ता:
नोंदीतले नाव बदलायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शीर्षक 'शिंदेस' ठेवा आणि 'शिंदे'वरून पुनर्निर्देशन करा.

शैलेश बेळगावकर:
उलटे करा. मराठी माणूस 'शिंदे'च टंकणार. पुनर्निर्देशन 'शिंदेस'वरून, आणि लेखाच्या पहिल्या ओळीत परदेशी नोंदींतले रूप. त्याच चमूतले कुमार नवलेही रोमन लिपीवरून कोणी 'नवाले' करून ठेवतील, ते आत्ताच तपासा.