मदत हवी आहे : चिखलदऱ्याहून मुंबईची ड्युटी, पावसाळ्यात कसं जमवायचं?

राजेहो, मी पायलट, बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते ठिकाण) मुंबई, घर चिखलदऱ्याला. सुट्टी संपली की परतवाडा, अमरावती करत बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे. घर ते बेस हा प्रवास ड्युटीत धरत नाहीत, त्यामुळे झोप आपली आपणच सांभाळायची. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान 2025 पासून आहे, पण स्टाफ तिकिटावर जागा उरली तरच बसता येतं. दोनदा परत आलो. मुंबईत खोली घ्यायची नाही, आई इथं एकटीच असते.

खरी अडचण घाटाची. मागच्या आषाढात धुकं असं की क्लीनर टॉर्च घेऊन जीपपुढं चालत होता! चिखलदरा-परतवाडा घाट रात्री उतरवणारा भरवशाचा ड्रायव्हर कोणी सांगेल का, की आदल्या दुपारीच परतवाड्यात मुक्कामाला यावं?