मदत हवी आहे: फक्त हवेत दिसणारा बिघाड जमिनीवर कसा पकडता?

लष्करी हेलिकॉप्टरवर एव्हिऑनिक्स आणि इलेक्ट्रिकलचं काम करतो. मॉडेल सांगता येणार नाही, समजून घ्या. हॉवरमध्ये (हवेत एका जागी स्थिर असताना) रेडिओ अल्टिमीटरचं, म्हणजे रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणाचं, रीडिंग अचानक जातं, दोन-तीन सेकंदांत परत येतं. जमिनीवर बाहेरून पॉवर दिली की सगळं सुरळीत. दोनदा अल्टिमीटरचा बॉक्स बदलला. काढलेले दोन्ही बॉक्स वर्कशॉपमधून 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत आले.

माझा संशय वायरिंगवर आहे. कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का याची चाचणी) बरोबर येते, पण मल्टीमीटरचा करंट इतका कमी असतो की दोन-चार तारांवर तगलेली वायरही पास होते. काल 28 व्होल्ट पुरवठ्याच्या हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) कनेक्टर उघडला. एका पिनवर हिरवट थर होता आणि शेजारच्या क्लॅम्पखाली इन्सुलेशन घासून चकचकीत झालं होतं. पिन बदलली, घासलेला भाग मॅन्युअलप्रमाणे दुरुस्त केला. तरी हेच मूळ कारण होतं असं छातीठोकपणे म्हणवत नाही, आणि त्या रीडिंगच्या भरवशावर रात्री खाली उतरणारा पायलट माझ्या सहीवर विसंबून असतो.

हार्नेस हाताने हलवत चाचणी करताना तुम्ही नेमकं काय जोडून ठेवता? क्षणभराचा खंड मल्टीमीटरला दिसतच नाही. अँटेनाच्या कोअॅक्स केबलमध्ये ओल शिरली असेल तर टीडीआरवर (केबलमध्ये पल्स सोडून परावर्तनावरून दोषाची जागा दाखवणारं उपकरण) ती स्पष्ट दिसते का? ज्येष्ठांनी कृपया सविस्तर लिहावं.