इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचं लायसन काढायचंय, एजंट 35 हजार सांगतोय, खरंच एवढे लागतात का?

बार्शीचा_वायरमन

नमस्कार मंडळी. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, 2014 पास, नंतर वर्षभर अप्रेंटिस, तेव्हापासून बार्शी आणि आसपासच्या गावांत घराचं वायरिंग, मोटारीचे पॅनल, लग्नाचे मांडव असलं सगळं करतोय. हाताखाली दोन पोरं आहेत. काम भरपूर आहे पण नवीन मीटर घ्यायचं म्हणलं की टेस्ट रिपोर्टवर लायसनवाल्याची सही-शिक्का लागतोय, म्हणजे काम मी करायचं आणि सहीचे 800 रुपये दुसऱ्याला द्यायचे, तो साइटवर फिरकत पण नाही. गणपतीत मंडळाच्या टेम्पररी कनेक्शनला तर 1500 घेतले. आता आपलंच लायसन काढावं म्हणतोय. एक एजंट म्हणतोय 35 हजार द्या, डिप्लोमावाल्याचं सर्टिफिकेट पण मीच लावतो, तुम्ही फक्त सह्या करा. माझा तारतंत्री परवाना आहे पण रिन्यू करायचा राहिलाय. नक्की काय काय लागतं आणि खर्च किती येतो, कोणी स्वतः काढलं असेल तर सांगा.

कोल्हापुरी_मेगर

भावा, पहिलं त्या एजंटाला लांबूनच हात जोड.

तीन कागद वेगळे असतात आणि लोक गल्लत करतात. तारतंत्री परवाना म्हणजे तू हाताने काम करू शकतोस. पर्यवेक्षकाचं सर्टिफिकेट म्हणजे दुसऱ्याच्या कामावर देखरेख करून जबाबदारी घेऊ शकतोस. आणि काँट्रॅक्टरचं लायसन म्हणजे धंदा, आणि त्यासाठी तुझ्याकडे पर्यवेक्षक आणि परवानाधारक वायरमन असायला लागतात. हे काय आपल्या राज्याने काल काढलेलं खूळ नाही, 1956 च्या वीज नियमांत 45 नंबरचा नियम हाच होता, मग 2010 चे केंद्रीय सुरक्षा विनियम आले, 2023 ला पुन्हा नवे आले, पण मुद्दा तोच राहिला, काम लायसनवाल्याने करायचं आणि सर्टिफिकेटवाल्याच्या थेट देखरेखीखाली करायचं. थेट म्हणजे साइटवर उभं राहून, घरी बसून शिक्का मारून नव्हे. लायसन मुख्य विद्युत निरीक्षकांच्या खात्यातून मिळतं, हापिस मुंबईत चेंबूरला. पण आधी आपल्या जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात एक चक्कर मार, आताची यादी आणि फी तिथेच नीट कळते.

आता खर्च. सरकारी चलन हा सगळ्यात छोटा भाग आहे, एजंट ज्याचे हजारो सांगतो ते बहुतेक त्याच्याच खिशात जातात. खरा खर्च हत्यारांचा. मला 500 व्होल्टचा डिजिटल मेगर (वायरचं इन्सुलेशन किती धड आहे ते मेगओहममध्ये दाखवणारं मीटर) साडेसहा हजाराला पडला, अर्थिंग तपासायचा अर्थ टेस्टर नऊच्या आसपास, वायरला नुसतं पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडीच. वर कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर बरोबर दाखवतंय का याची तपासणी, ते मी तिन्हींचं मिळून दोन हजारात केलं. म्हणजे वीस हजार तिथेच गेले, पण ते पैसे वस्तूच्या रूपात आपल्या पिशवीत राहतात. मेगर भाड्याने आणून फक्त बिल जोडणारे पण बघितलेत, त्यांच्याबद्दल काय बोलू.

परवाना संपलाय तो आधी रिन्यू कर, लेट फी लागली तर लागू दे. संपलेल्या परवान्यावर पुढचा अर्ज करशील आणि तिथेच अडकशील.

सुपरवायझर_ताई_सातारा

एजंट "डिप्लोमावाल्याचं सर्टिफिकेट लावतो" म्हणाला ना, ते सर्टिफिकेट माझ्यासारख्या कुणाचं तरी असतं दादा. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा, पर्यवेक्षकाचं सर्टिफिकेट हातात आल्यावर दोन महिन्यांत चार जणांचे फोन आले, मॅडम तुम्हाला यायची गरज नाही, वर्षाचे 20 हजार घ्या आणि कागद द्या. एकाला मी नाही म्हणाले आणि दुसऱ्याला हो म्हणाले, खोटं कशाला सांगू, तेव्हा नोकरी नव्हती.

त्या काँट्रॅक्टरने एका फॅब्रिकेशन शेडचं काम केलं, मी ती शेड आयुष्यात पाहिली नव्हती. पावसाळ्यात वेल्डिंगच्या पोराला मशीनच्या बॉडीचा शॉक बसला, फेकला गेला, हात मोडला. जीव वाचला हे नशीब. वीज कायद्यात 161 कलम आहे, अपघात झाला की विद्युत निरीक्षक चौकशी करतो, आणि जबाब द्यायला मला बोलावलं. बोर्डात अर्थिंगची हिरवी वायर होती, सॉकेटला पण नीट कसलेली होती, पण प्लास्टरच्या आत कुठेतरी तुटून तशीच पडलेली, जमिनीतल्या अर्थ पिटपर्यंत पोचतच नव्हती. अर्थ टेस्टर लावला असता तर पाच मिनिटात कळलं असतं. साहेबांनी एकच विचारलं, तुम्ही केव्हा तपासलं? मी काय सांगणार?

आता एका काँट्रॅक्टरकडे पगारावर आहे, महिना 18 हजार, आणि प्रत्येक साइटला जाते. तुम्हाला पूर्ण पगाराचा माणूस परवडत नसेल तर स्वतःच पर्यवेक्षकाची परीक्षा द्या, तारतंत्री परवाना आणि अनुभव असलेल्यांना तो रस्ता आहे. अभ्यास जरा करावा लागतो, तोंडीला अर्थिंग आणि सुरक्षा हमखास विचारतात.

टेंडरवाला_नाशिक

वरचं सगळं बरोबर, मी फक्त पैशाचं बोलतो कारण नवीन लोक तिथेच मार खातात.

शॉप अॅक्टला आपल्यासारखी मोजकी माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, नोंदणीची भानगड नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे, फुकट, तरी आमच्या इथे सायबर कॅफेवाले हजार रुपये घेतात. व्यवसाय कर वर्षाला 2500. जीएसटी, उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर सक्ती नाही, पण कंपनीची किंवा सरकारी कामं धरायची म्हणलं की नंबर मागतातच, आणि मग 18 टक्के लावायचे. ते 18 टक्के दर सांगतानाच वेगळे बोल नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं यातच धरून करा, आणि नफा तिथेच संपतो. मोठं बिल असलं की पार्टी 1 टक्का टीडीएस कापते, तो रिटर्न भरून परत मिळतो, घाबरायचं नाही.

लायसनचा खरा फायदा सहीचे 800 वाचतात हा नाहीच. महावितरणच्या बाजूचं लाइनचं काम गिऱ्हाइकाला स्वतःच्या लायसनवाल्याकडून करून घ्यायची मुभा मिळाली की महावितरणला फक्त 1.3 टक्के देखरेख शुल्क भरायचं असतं, म्हणजे एस्टिमेट 4 लाखाचं तर 5200. बाकी काम तुझं. आणि 15 मीटरच्या वरच्या बिल्डिंगा, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर असल्या ठिकाणी निरीक्षकाची तपासणी असते, तिथे बिल्डर बिनलायसनवाल्याला उभंच करत नाही. फक्त सरकारी कामाला खिसा मोठा लागतो. अनामत अडकते, शेवटच्या बिलातले पैसे दोषदायित्व, म्हणजे कामातला दोष आपणच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत तसेच राहतात. माझं एका शाळेच्या वायरिंगचं बिल दोन मार्च एंड ओलांडून मिळालं.

बार्शीचा_वायरमन

सगळ्यांचे आभार, ताई तुमचं वाचून जरा गप्पच झालो. एजंटाला नाही सांगितलं. परवाना रिन्यूला टाकलाय, परीक्षेचं बघतोय.

एक राहिलं, मेगरची टेस्ट मी आयटीआयला केलेली, नंतर हातात आला नाही. घराच्या वायरिंगला नक्की कशी घ्यायची? हसू नका.

कोल्हापुरी_मेगर

हसतंय कोण, निम्म्या लायसनवाल्यांना येत नाही. मेन बंद कर, टेस्टर लावून खात्री कर. बल्ब, फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर सगळं सोडव, एलईडी ड्रायव्हर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पण, नाहीतर 500 व्होल्टला उडतील आणि पैसे तू भरशील. मेन स्विचच्या पुढे घराच्या बाजूला न्यूट्रल सोडव. सगळी बटणं चालू, एमसीबी (प्रत्येक सर्किटचा आपोआप पडणारा स्विच) वर. फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी एक मिनिट रीडिंग घे. मग फेज-न्यूट्रल वेगळे करून त्यांच्यात घे. 1 मेगओहमच्या खाली आलं तर सप्लाय द्यायचा नाही. नव्या वायरिंगला ते कितीतरी जास्त यायला पाहिजे, तीन-चार आलं तरी मी खूश नसतो. कमी आलं की एकेक एमसीबी पाडत जा, ज्याला काटा वर उडेल त्या सर्किटात चोर.

बार्शीचा_वायरमन

मित्राचा मेगर आणला आणि मागच्या महिन्यात दिलेलंच एक घर तपासलं, मालकाला म्हणलं सर्व्हिस करून देतो. 0.3 आलं. एकेक एमसीबी पाडून बघितलं तर बाथरूमच्या गीझरचं सर्किट. बोर्ड उघडला, बॉक्सच्या मागे प्लेटचा स्क्रू वायरच्या इन्सुलेशनमध्ये घुसलेला, माझ्याच पोराने लांब स्क्रू मारलाय. बदलून आलो, आता 80 च्या वर दाखवतंय.

घरी येऊन त्या घराचा टेस्ट रिपोर्ट काढून बघितला. 800 रुपयेवाल्याने त्यावर 50 मेगओहम लिहून दिलंय.