व्हेक्टर चार्टवर आमची सगळी क्रीक निळी का दिसते?

शीड_आणि_सुकाणू (अ‍ॅनापोलिस, मेरीलँड)

नमस्कार मंडळी. चेसापीक बेमध्ये आमची 27 फुटी शिडाची बोट आहे, ड्राफ्ट (पाण्याखाली जाणारा भाग) साडेचार फूट. सहा वर्षं ओपनसीपीएन या चार्ट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर नोआचे (अमेरिकेच्या सागरी आणि हवामान संस्थेचे) रास्टर चार्ट, म्हणजे कागदी चार्टच्या चित्रांच्या त्या केएपी फायली, वापरल्या. अ‍ॅनापोलिस बंदराचा 12283 नंबरचा चार्ट मला तोंडपाठ आहे. रास्टर आणि जुने कागदी चार्ट बंद करणार असं नोआने 2019 मध्ये जाहीर केलं आणि 2024 संपता संपता ते काम पूर्णही केलं. माझ्या फायली अजून उघडतात, पण नव्या दुरुस्त्या येत नाहीत.

म्हणून गेल्या आठवड्यात व्हेक्टर, म्हणजे ईएनसी (नोंदींवरून स्क्रीनवर आखले जाणारे इलेक्ट्रॉनिक चार्ट), उतरवून घेतले आणि गोंधळलो. ज्या क्रीकमधून (लहान खाडीतून) आम्ही दर शनिवारी जा-ये करतो, जिथे चांगलं नऊ-दहा फूट पाणी आहे, ती अख्खी उथळ पाण्याच्या निळ्या रंगात दिसते. सेफ्टी डेप्थ, म्हणजे ज्याहून उथळ पाणी धोक्याचं धरायचं ती खोली, मी 2 मीटर ठेवली आहे. दुसरं म्हणजे जरा झूम आउट केलं की खोलीचे आकडे आणि लहान बोये (वाट दाखवणाऱ्या तरत्या खुणा) गायब. रास्टरवर सगळं एका नजरेत यायचं. जुन्याच फायली वापरत राहिलो तर चालेल का? बायको आणि मुलगी बरोबर असतात, म्हणून विचारतोय.

जैतापूरकर

मी 22 वर्षं बोटीवर काढली, त्यातली निम्मी कागदी चार्टवर. तुमचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी निळ्या रंगाचं. 2 मीटर काढा आणि 1.8 टाकून बघा. ईएनसीमध्ये खोलीच्या ज्या रेषा भरलेल्या असतात तेवढ्याच असतात, मधली रेषा प्रोग्रॅम स्वतःहून आखत नाही. नोआचे जुने चार्ट फूट आणि फॅदममधले. त्यावरून ईएनसी केले तेव्हा 6, 12, 18 फुटांच्या रेषा 1.8, 3.6, 5.4 मीटर झाल्या. तुम्ही 2 मागितले, ती रेषा नाही, तर नियमाप्रमाणे प्रोग्रॅम पुढची खोल रेषा धरतो: 3.6. मग 12 फुटांच्या आतलं सगळं पाणी निळं. आमच्याकडे जुने तांडेल पाणी वावात मोजायचे. सहा फुटांचा एक वाव. तुमच्या स्क्रीनवरचे 1.8, 3.6, 5.4 म्हणजे एक, दोन, तीन वावच आहेत. नव्याने आखलेल्या काही सेलमध्ये (ईएनसीच्या तुकड्यांत) मात्र पूर्ण मीटरच्या रेषा येऊ लागल्या आहेत. तेव्हा रेषेवर क्लिक करून आकडा वाचा, मगच ठरवा.

आणि हेही लक्षात ठेवा: साडेचार फूट म्हणजे 1.37 मीटर. 1.8 च्या रेषेवर कीलखाली (बोटीच्या तळाच्या कण्याखाली) फक्त 43 सेंटिमीटर उरतात. वायव्येचा वारा जोरात लागून राहिला की चेसापीकच्या वरच्या भागातलं पाणी चार्टवरच्या खोलीपेक्षाही खाली जातं. त्या दिवशी कडेने जाऊ नका.

आता रिकाम्या चार्टबद्दल. रास्टर म्हणजे कागदी चार्टचा फोटो. कोणता आकडा ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे नकाशा काढणाऱ्याने तुमच्यासाठी आधीच ठरवलेलं असतं. व्हेक्टरमध्ये प्रत्येक बोया, प्रत्येक खडक ही वेगळी नोंद असते, आणि कोणत्या स्केलच्या पलीकडे ती दाखवायची नाही हेही बहुतेक नोंदींत लिहिलेलं असतं. त्याला स्कॅमिन म्हणतात. तुम्ही झूम आउट केलं की त्या नोंदी लपतात. नोव्हेंबर 2014 मध्ये व्होल्वो ओशन रेसमधली वेस्टास विंड ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळ खडकावर चढली. खडक इलेक्ट्रॉनिक चार्टवर होता, पण पुरेसं झूम करून त्या वाटेवर कुणी पाहिलं नव्हतं. नऊही जण वाचले. म्हणून मार्ग आखून झाला की तो मोठ्या स्केलवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बोटाने सरकवत बघायचा. मी अजूनही तसंच करतो.

रास्टरची एक गोष्ट मला खरोखर आवडायची. फार झूम केलं की चित्र फाटायचं, अक्षरं धूसर व्हायची, आणि आता याहून जास्त विश्वास ठेवू नकोस हे आपोआप कळायचं. व्हेक्टर कितीही झूम करा, रेषा तशीच कोरीव. सर्वेक्षण कितपत भरवशाचं आहे हे त्या कोरीवपणावरून कळत नाही. त्यासाठी कॅटझॉक, म्हणजे सर्वेक्षणाच्या भरवशाची श्रेणी, बघावा लागतो. ए1 असेल तर जागेतली चूक 5 मीटरपर्यंत, बी असेल तर 50, आणि सी असेल तर 500 मीटर! क्रीकच्या तोंडाशी एकदा क्लिक करून कोणतं अक्षर येतं ते वाचा.

जुन्या फायलींवर जाऊ नका. थर्ड मेट (जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी) असताना मी रात्र रात्र मॅजेंटा शाईने करेक्शन करायचो आणि चार्टच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात नोटिसचा, म्हणजे चार्टमधले बदल कळवणाऱ्या पत्रकाचा, नंबर लिहायचो. हललेला बोया, नवं बुडालेलं जहाज, विझलेला दिवा, सगळं त्यातून यायचं. तुमच्या केएपी फायलींत तो नंबर आता पुढे सरकणार नाही.

खारवारा (नॉरफोक)

जैतापूरकर काकांना अनुमोदन. कागदाची सवय असेल तर नोआचं कस्टम चार्ट वापरा. हवा तो भाग आणि स्केल निवडलं की ताज्या ईएनसीवरून पीडीएफ तयार होते, फुकट. आम्ही छापून प्लास्टिकच्या पाकिटात कॉकपिटमध्ये ठेवतो, बॅटरी संपली तरी अडत नाही.

रेवदंड्याचा

इथे भारतात अमेरिकेसारखं फुकट नाही. आपले ईएनसी देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. ते एस-63 या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद असतात, परवाना विकत घ्यावा लागतो.

शीड_आणि_सुकाणू

1.8 टाकलं आणि क्रीकचा मधला पट्टा लगेच निळ्यातून बाहेर आला. काठाची रेषा क्लिक करून वाचली, 1.8 च निघाली. मग तोंडाशी क्लिक केलं. तिथे बी. म्हणजे 50 मीटर, आणि आमचं चॅनेलच तिथे जेमतेम तेवढं रुंद आहे. मुलीने दोरीला शिसं बांधून वावा-वावावर गाठी मारल्या आहेत. शनिवारी ओहोटीला ती पुढे उभी राहून पाणी मोजेल, मी आकडे लिहून घेईन आणि इथे टाकेन.