मदत हवी आहे: गोल्फची मेंबरशिप घ्यावी की पैसे भरून खेळावं? (नाशिक)

पाथर्डीफाटा | गुरुवार, रात्री १०:४०
लवकर उत्तर हवंय, शनिवारी चेक द्यायचाय. नाशिकजवळच्या एका खासगी ९ होलच्या मैदानाची मेंबरशिप मिळतेय. प्रवेश शुल्क साडेतीन लाख, शिवाय महिन्याला अडीच हजार. नाही घेतली तर खारघर किंवा पुण्याकडे जाऊन पैसे भरून खेळायचं. तिकडे ग्रीन फी (मैदानावर खेळायचं शुल्क), कॅडी (काठ्या उचलणारा), पेट्रोल, टोल धरून एक राउंड साडेसहा हजारांना पडतो. रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) शिकून झालंय, आता मैदानावर उतरायचंय. डिसेंबरात कंपन्यांची एक स्पर्धा आहे, तिला हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) लागतो असं कळलं. घ्यावी का? "हौस असेल तर घ्या" हे उत्तर नको.

हिशोबनीस | गुरुवार, रात्री ११:०५
साडेतीन लाख किती वर्षांचे? परत मिळणारी ठेव आहे की बुडीत? जीएसटी धरून की सोडून? घरातलं अजून कोणी खेळणार का? वर्षातून किती वेळा जाणं होईल? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि चेक परवा द्यायचाय. आधी हे सांगा, मग बोलू.

पंचवटी_पहाट | शुक्रवार, सकाळी ५:५०
गोल्फ क्लबला मेंबरशिप कशाला लागते? त्र्यंबक रोडवरून आत गेलं की ट्रॅक आहे, पहाटे कोणीही जाऊ शकतं. पावसानंतर ट्रॅक निसरडा असतो, तळव्याला खाचा असलेले बूट घाला. रणजीचा सामना असेल त्या आठवड्यात आधी चौकशी करून जा.

मार्कर | शुक्रवार, सकाळी ७:१५
@पंचवटी_पहाट, काका, ते गोल्फ क्लब मैदान. तिथे क्रिकेट होतं. धागाकर्ते खरोखरच्या गोल्फबद्दल विचारतायत.

@पाथर्डीफाटा, हँडिकॅप म्हणजे नेमकं काय मागितलंय? जागतिक हँडिकॅप पद्धत २०२० पासून लागू आहे. इंडेक्स (हँडिकॅपचा अधिकृत आकडा) मिळायला किमान ५४ होलचे स्कोअर लागतात. ते ९-९ होलचे सहा राउंड असले तरी चालतं. २०२४ च्या बदलानंतर, एकदा इंडेक्स मिळाला की ९ होलच्या स्कोअरवरून लगेच १८ होलचा आकडा काढतात, दुसऱ्या ९ ची वाट बघावी लागत नाही. सुरुवातीला तीन आकड्यांतला सगळ्यात कमी घेऊन त्यातून २ वजा करतात. २० स्कोअर झाले की त्यातल्या चांगल्या ८ ची सरासरी. इंडेक्स मिळेपर्यंत एका होलवर पारपेक्षा (त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) ५ जास्त इतकाच स्कोअर धरतात, त्यामुळे एखाद्या होलवर १२ फटके लागले म्हणून कार्ड फाडू नका.

पण दोन अटी आहेत. मैदानाला कोर्स रेटिंग आणि स्लोप (मैदान किती अवघड ते सांगणारे आकडे) दिलेला हवा, आणि क्लब इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेला हवा. छोट्या ९ होलच्या जागी हे नसतंच असं नाही, पण गृहीतही धरू नका. स्कोअरकार्डाच्या मागे रेटिंग आणि स्लोप छापलेला असतो (स्लोप ५५ ते १५५ मध्ये, मध्यम मैदान ११३). कार्डावर हे दोन आकडे नसतील तर तिथली मेंबरशिप हँडिकॅपसाठी निरुपयोगी आहे. एकट्याने खेळलेला राउंडही धरत नाहीत, सोबत कार्डावर सही करणारा हवा.

ओला_फेअरवे | शुक्रवार, सकाळी ८:३०
मेंबरशिप घ्या. सरळ सांगतो का ते. पार ७२ च्या मैदानावर पार काढतानाच दर होलला दोन पट (पटरने चेंडू भोकाकडे ढकलायचे फटके) धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके ग्रीनवरचे (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे). ते रेंजवर शिकता येत नाहीत. रेंजची मॅटसुद्धा फसवते. चेंडूच्या दोन इंच मागे आयर्न आपटलं तरी मॅटवरून घसरून चेंडू उडतो. मैदानावर तोच फटका मातीत रुततो आणि चेंडू वीस यार्डांवर पडतो. रेंजचे चेंडू उडतातही कमी, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकीचा बसतो. यावर उपाय एकच, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी दीड तास चिपिंग आणि पटिंग. महिन्यातून एकदा खारघरला जाऊन ते होत नाही. मेंबरला सरावाच्या ग्रीनचे पैसे पडत नाहीत, खरा फायदा तोच.

सात_नंबर | शुक्रवार, सकाळी ९:१०
नवीन असाल तर १४ काठ्यांचा पूर्ण सेट घेऊ नका. ड्रायव्हर, ५ हायब्रिड, ७ आणि ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर, सात पुरे. शाफ्ट रेग्युलर घ्या. जुना सेट घेताना ग्रिप अंगठ्याने दाबून बघा, कडक आणि चकचकीत झाली असेल तर बदलायचा खर्च धरा. आयर्नच्या खोबणी नखाला लागल्या पाहिजेत.

पाथर्डीफाटा | शुक्रवार, सकाळी १०:२०
सेट आहे हो! प्रश्न मेंबरशिपचा आहे.
हिशोबनीस, १० वर्षांची, बुडीत, जीएसटी वेगळा. घरातलं कोणी खेळत नाही. आठवड्यातून एकदा नक्की जमेल. कॅडी ९ होलला ४००, तो मेंबरलाही द्यावाच लागतो. पेट्रोल धरून एका फेरीला सहाशे समजा.

हिशोबनीस | शुक्रवार, सकाळी ११:४५
आता मांडता येईल. साडेतीन लाखांवर १८ टक्के म्हणजे ४,१३,०००. दहा वर्षांत वाटले की वर्षाला ४१,३००. मासिक २,५०० वर कर धरून २,९५०, वर्षाचे ३५,४००. बेरीज ७६,७००. शिवाय चार लाख आज हातचे जाणार. ती रक्कम दरवर्षी संपत जाते म्हणून निम्म्यावर ७ टक्के व्याज धरा, साधारण १४,५००. एकूण वर्षाला ९१ हजार, एकही चेंडू न मारता.

बाहेरचा राउंड ६,५०० चा आणि इथली फेरी ६०० ची. फरक ५,९००. ९१,००० भागिले ५,९०० म्हणजे १५-१६ फेऱ्यांत पैसे वसूल. वर्षाला ५० वेळा जाणार असाल तर मेंबरशिप स्वस्त दिसते.

"दिसते" म्हणतोय, कारण तुम्ही तिकडच्या १८ होलची तुलना इकडच्या ९ होलशी करताय. इथे दोनदा फिरून १८ केले तर कॅडीचे ८०० होतात. आणि मासिक शुल्क दहा वर्षं २,५०० राहणार हे कुठे लिहिलंय? ते वाढवायचा अधिकार कोणाला, दरवर्षी किती, विकास निधी म्हणून वेगळी मागणी येऊ शकते का, दर महिन्याला खाण्यापिण्याचं किमान बिल लावतात का, हे अर्जाच्या मागच्या बारीक अक्षरात असतं. बदली झाली तर गैरहजेरीची सवलत आहे का? दुसऱ्याच्या नावे करता येते का, आणि त्याचं शुल्क किती?

ओला_फेअरवे | शुक्रवार, दुपारी १२:३०
व्याज वगैरे धरलं तर कुठलाच खेळ परवडणार नाही. पन्नास फेऱ्या म्हणजे फेरीला १,८२० अधिक ६००. खारघरला जाऊन-येऊन साडेतीनशे किमी आहेत. समृद्धी आमणेपर्यंत सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो हे खरं, पण पुढचा भिवंडी-कल्याण फाट्याचा पट्टा तसाच आहे. ७ चा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) गाठायचा तर पहाटे साडेतीनला निघायचं, चार-साडेचार तास खेळायचं आणि दुपारी परत गाडी हाणायची. पाठ आखडलेली असताना पहिले चार होल वायाच जातात.

हिशोबनीस | शुक्रवार, दुपारी १२:५०
व्याज धरलं नाही म्हणून खर्च नाहीसा होत नाही. आणि तुम्ही ज्या पन्नास फेऱ्या धरताय त्यात पावसाळ्याचे चार महिने मोजलेत का?

काळी_माती | शुक्रवार, दुपारी २:१५
पावसाचा मुद्दा निघाला ते बरं झालं. धागाकर्त्यांनी मैदान कुठल्या बाजूला आहे हेच सांगितलेलं नाही. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या बाजूला असेल तर पाऊस प्रचंड. जुलै-ऑगस्टमध्ये चेंडू फेअरवेत (मधल्या गवताच्या पट्ट्यात) रुतून बसतो, तो उचलून, पुसून ठेवायची मुभा द्यावी लागते, कार्ट बंद असतात. सिन्नरच्या बाजूला असेल तर पावसात खेळता येतं, पण एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणणार? बर्म्युडा गवत फेअरवेवर सुकलं तरी पावसाने परत येतं. ग्रीनवरचं गवत काही मिलिमीटरवर कापलेलं असतं, मुळं उथळ, दोन-तीन दिवस पाणी चुकलं की डाग पडतात. मग बाजूला तात्पुरतं ग्रीन आखतात, त्यावर पटिंगचा सराव होत नाही.

जमीनही बघा. काळी माती फुगते, पाणी धरून ठेवते. मुरमाची भर आणि चर काढलेले असतील तर निचरा होतो. पाऊस थांबल्यावर तिसऱ्या दिवशी जा, फेअरवेच्या सखल भागात टाच दाबा. पाणी वर आलं तर पावसाळ्यातले तीन महिने विसरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत्ता ऑक्टोबर आहे. नाशिकच्या आसपास ऑक्टोबरात पडीक रानही हिरवंगार दिसतं. मैदान विकायला काढायचा हाच हंगाम. मे महिन्यातले ग्रीनचे फोटो मागा आणि पाणी विहिरीचं, बोअरचं की प्रक्रिया केलेलं, ते विचारा.

आणि १० वर्षांची मेंबरशिप आहे तर जमीन १० वर्षं त्यांच्या ताब्यात आहे का? गट नंबर मागून घ्या, सातबारा ऑनलाइन निघतो. मालक कोण, इतर हक्कांत बोजा किंवा भाडेपट्टा आहे का, बघा. भाडेपट्ट्याची सहाच वर्षं उरली असतील तर दहा वर्षांचे पैसे कशाचे घेतायत? नाशिकभोवतीच्या जमिनीचे भाव बघता हा पहिला प्रश्न हवा.

पंचवटी_पहाट | शुक्रवार, दुपारी ३:००
@मार्कर, चूक कळली. पण त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, ते घ्यावं ही विनंती. १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, एप्रिल १९१० मध्ये ठाण्याला फाशी गेले. तेव्हा वय विशीच्या आतलं. मुलांना तिथे नेता तेव्हा हे सांगत चला.

मार्कर | शुक्रवार, दुपारी ३:२०
बरोबर आहे काका, पूर्ण नाव घ्यायला हवं होतं.

सात_नंबर | शुक्रवार, दुपारी ४:०५
देवळालीला का नाही विचारत? जवळच आहे.

मार्कर | शुक्रवार, दुपारी ४:३०
देवळालीचं लष्कराचं आहे. लष्करी मैदानांना कागदोपत्री पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र म्हणतात. बाजारातल्या क्लबासारखं चेक देऊन आत जाता येत नाही. त्यावर बेत आखू नका.

धागाकर्ते, दोन गोष्टी अजून राहिल्यात. त्याच मैदानावर बाहेरच्याला पैसे भरून खेळू देतात का? आणि तुमची सुट्टी कधी असते?

पाथर्डीफाटा | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०
मैदान सिन्नरच्या बाजूला. स्कोअरकार्ड आत्ता फोटोत बघितलं, रेटिंग-स्लोप काही छापलेलं नाही. बाहेरच्यांना मंगळवार ते शुक्रवार १,५०० अधिक जीएसटी घेऊन सोडतात, शनिवार-रविवार फक्त मेंबर. माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते, शिफ्टची कंपनी आहे. त्याचा काय संबंध?

हिशोबनीस | शुक्रवार, संध्याकाळी ७:००
सगळा संबंध त्याचाच आहे! मेंबरला जे जास्तीचं मिळतं ते शनिवार-रविवार, आणि ते तुम्हाला नकोच आहेत. तुलना खारघरशी नाहीच, त्याच मैदानाच्या १,७७० रुपयांशी आहे. कॅडी आणि पेट्रोल दोन्हीकडे सारखंच. ९१,००० भागिले १,७७० म्हणजे ५१ फेऱ्या. वर्षातला एकही मंगळवार चुकवला नाही तर जेमतेम बरोबरी. लग्नं, आजारपण, मे महिना, दिवाळी काढली की ३५ होतील. त्याचे ६२ हजार. वर्षाला २९ हजार वाचतात आणि चार लाख तुमच्याकडेच राहतात.

ओला_फेअरवे | शुक्रवार, संध्याकाळी ७:२५
मंगळवारचं माहीत नव्हतं, ते कळल्यावर फेरीचा हिशोब मान्य. संध्याकाळच्या सरावाचा मुद्दा मात्र मागे घेत नाही. सरावाच्या ग्रीनचा वेगळा दर ठरवून मिळतो का ते विचारा, महिन्याला हजारापर्यंत दिला तरी परवडेल. तीन फुटांवरून सलग वीस पट पडेपर्यंत ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

पाथर्डीफाटा | शुक्रवार, रात्री ८:१०
आणि स्पर्धेचा हँडिकॅप? मुळात त्यासाठीच घाई होती.

मार्कर | शुक्रवार, रात्री ८:३५
रेटिंग नाही म्हणजे या मेंबरशिपने तो मिळणारच नव्हता. आयोजकांना एवढंच विचारा, "प्रमाणपत्र सक्तीचं आहे, की हँडिकॅप नसलेल्यांसाठी डबल पिओरिया (गुपचूप निवडलेल्या काही होलवरून हँडिकॅप काढायची पद्धत) किंवा सिस्टिम ३६ आहे?" कंपन्यांच्या स्पर्धांत ही सोय बऱ्याचदा असते. सिस्टिम ३६ मध्ये त्याच दिवशीच्या कार्डावरून हँडिकॅप निघतो. पार किंवा त्याहून चांगला होल २ गुण, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) १, त्यापुढे शून्य. १८ होलचे गुण ३६ मधून वजा करायचे. समजा ११ गुण झाले तर हँडिकॅप २५.

ही स्पर्धा १८ होलची असेल. डिसेंबरच्या आधी निदान दोनदा तरी त्या मैदानावर ९-९ असे सलग १८ चाला. तेराव्या-चौदाव्या होलला पाय थकतात आणि चेंडू उजवीकडे सुटायला लागतो.

पाथर्डीफाटा | शनिवार, सकाळी ९:५०
आयोजकांशी बोललो, सिस्टिम ३६ आहे. चेक दिला नाही. क्लबाकडे गट नंबर आणि मे महिन्याचे फोटो मागितलेत, उद्या देतो म्हणाले. येत्या मंगळवारचा ७:१० चा टी टाइम १,७७० भरून घेतलाय. सोबत मात्र कोणी नाही, एकट्याला सोडतात का?

मार्कर | शनिवार, सकाळी १०:०५
सहसा सोडतात, पण मागचा गट तुमच्यापेक्षा वेगात असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या. सोमवारी मैदान देखभालीला बंद असेल तर फोन करून विचारा, ग्रीनला भोकं पाडून वाळू टाकलीय का. टाकली असेल तर दोन-तीन आठवडे चेंडू उड्या मारत जातो. मग मंगळवार पुढे ढकला, नाहीतर पटिंगचा चुकीचा अंदाज हातात बसेल.