मानसशास्त्रज्ञ मुलाऐवजी आईलाच प्रश्न का विचारतात?

प्रश्न : जि. प. शिक्षिका, दारव्हा

आमच्या शाळेतील १२ वर्षांच्या एका मुलाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी नेले होते. तेथील मानसशास्त्रज्ञांनी बहुतेक वेळ त्याच्या आईलाच प्रश्न विचारण्यात घालवला : तो आपल्या हाताने जेवतो का, शर्टाची बटणे लावतो का, दुकानातून एकटा सामान आणतो का? अहवालात ‘व्हाइनलँड, नागपूर रूपांतर’ असा उल्लेख आहे. ही काय चाचणी आहे, आणि अशा उत्तरांवरून टक्केवारी ठरवणे योग्य आहे का?

उत्तर : विशेष शिक्षक, अमरावती

ताई, व्हाइनलँड हे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले गाव. तेथील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडार्ड यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी वापरून मुलांची प्रतवारी सुरू केली होती. त्याच शाळेत १९२५ ते १९४९ या काळात संशोधन संचालक असलेले एडगर डॉल यांना मात्र नुसता बुद्ध्यांक अपुरा वाटला, आणि माणूस रोजच्या व्यवहारात स्वतःचे स्वतः काय करतो, हे त्याला जवळून ओळखणाऱ्याला विचारून मोजण्याची श्रेणी त्यांनी १९३५ मध्ये मांडली. (बौद्धिक अक्षमता कधीच बरी होत नाही असे मानणाऱ्यांपैकी तेही होते, तेव्हा त्यांची पूजा बांधण्याचे कारण नाही.) डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात या श्रेणीचे भारतीय रूपांतर केले. त्यात १५ वर्षे वयापर्यंतच्या ८९ बाबी आहेत, आणि देशात ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

गणित सोपे आहे. १२ वर्षांच्या मुलाचे सामाजिक वय, म्हणजे रोजच्या कामांत तो ज्या वयाच्या मुलासारखा आहे ते वय, ६ आले, तर ६ ला १२ ने भागून १०० ने गुणायचे; गुणांक ५० होतो. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३६ ते ५४ गुणांकाला ७५ टक्के आणि ५५ ते ६९ ला ५० टक्के दिव्यांगत्व धरले जाई; त्या सूचना २०२४ मध्ये बदलल्या.

उत्तर : एक बाप, आर्णी

सर, यातली मेख घरात आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरी सकाळी सहाला भाकरी बांधून निघावे लागते. पोरगी एका बटणाशी पाच मिनिटे झटत बसली की तिची आई ते ओढून लावून टाकते. पुढे विचारले की उत्तर ‘नाही लावत’ असेच जाते. शिवाय पोरगी शिकली तर टक्के उतरतील आणि सवलती जातील, ही धास्ती असतेच.

उत्तर : विशेष शिक्षक, अमरावती

भाऊ, आपण नेमके बोललात. ही श्रेणी येणाऱ्या नव्हे, तर सवयीने होणाऱ्या गोष्टी मोजते, त्यामुळे मुलाला न मिळालेली संधीही त्याच्याच खात्यात उणी म्हणून पडते. टक्क्यांची धास्ती मात्र बाळगू नये, कारण २०१८ च्या सूचनांनुसार गुणांक ६९ पर्यंत गेला तरी दिव्यांगत्व ५० टक्के राही आणि बहुतेक सवलतींची अट ४० टक्क्यांची आहे.

प्रश्नकर्ती

आज मधल्या सुट्टीत त्याला मोठ्या बटणांचा जुना सदरा दिला आणि मी दूर बसले. त्याने खालून सुरुवात केली, एक काज चुकले, आणि वरचे एक बटण उरले. ते त्याने माझ्याकडे येऊन दाखवले.