गच्चीच्या इन्सुलेशनसाठी गोव्यात सरकारी अनुदान मिळते का?

फोंडेकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमचे घर दोन भागांत आहे. पुढचा भाग चिऱ्यांचा आणि मंगळुरी कौलांचा, वडिलोपार्जित आहे, तर मागचा भाग २००४ मध्ये बांधलेला, स्लॅबचा. कौलारू भागात मे महिन्यातही दुपारी झोप लागते. मागच्या भागातील वरच्या खोलीत मात्र रात्री अकरापर्यंत पाय ठेववत नाही, कारण पंखा लावला की छताची धग तेवढी अंगावर येते. एरवी वीज महिन्याला २८० युनिटच्या आसपास लागते, मे महिन्यात ती ४२० वर जाते.

माझा मेव्हणा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. त्याच्या घराच्या माळ्यावर सरकारी योजनेतून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घालून दिले आणि त्याला एक पैसाही भरावा लागला नाही, असे तो सांगतो. आपल्याकडे घर थंड राखण्याच्या कामासाठी असे काही अनुदान आहे का? माझी तयारी दीड लाखापर्यंत आहे. एक कंत्राटदार गच्चीवर पत्र्याची शेड घाला म्हणतो, तर दुसरा आतून फॉल्स सीलिंग करून त्यावर ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, घाला म्हणतो. आणखी एक अडचण अशी की विजेची जोडणी अजून दिवंगत वडिलांच्याच नावावर आहे.

बार्देशकर

पैशाचे आधी सांगतो. केवळ इन्सुलेशनसाठी घरमालकाच्या खात्यात रक्कम जमा करणारी योजना आपल्याकडे नाही. मेव्हण्यांचे म्हणणेही खरे आहे, परंतु तिथली व्यवस्था निराळी आहे. ब्रिटनमध्ये घरे ऊर्जाक्षम करून देण्याचे बंधन मोठ्या वीज-गॅस कंपन्यांवर कायद्याने घातलेले होते आणि तो खर्च अखेर सर्व ग्राहकांच्या बिलांतून निघत असे. २०२३ मध्ये सुरू झालेली आणि मार्च २०२६ पर्यंत आखलेली ‘ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम’ याच पद्धतीची होती. तिच्यात घराची ऊर्जाश्रेणी (ए सर्वांत चांगली, जी सर्वांत वाईट) डी किंवा त्याहून खालची असणे आवश्यक होते. शिवाय इन्सुलेशनच्या साहित्यावर आणि मजुरीवर तिथे मार्च २०२७ पर्यंत शून्य व्हॅट आहे. तिथल्या माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचा लोकरीसारखा थर घालतात तो आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आपली गरज नेमकी उलट असल्यामुळे तो नमुना जसाच्या तसा इथे उचलू नये.

आपल्याकडे घरगुती अनुदान मिळते ते छतावरच्या सौरऊर्जेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे तीन किंवा अधिक किलोवॉटच्या यंत्रणेला कमाल ७८,००० रुपये मिळतात. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे असावे लागतात आणि काम योजनेत नोंदणी झालेल्या विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते. रक्कम काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येते, तेव्हा सुरुवातीचा सगळा खर्च आपल्यालाच उभा करावा लागेल, हे ध्यानात ठेवावे.

याखेरीज, २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याला अनुदान म्हणता येणार नाही, पण ३५,००० रुपये मूळ किंमत असलेल्या यंत्रामागे ३,५०० रुपये वाचतात. तरीही माझ्या मते एसीच्या आधी पंखे बदलावेत. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा पंखा तीसेक वॉटमध्ये तेच काम करतो. रोज बारा तास चालणाऱ्या प्रत्येक पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

चिरा आणि चुना

मी वास्तुविशारद आहे, म्हणून दोन्ही कंत्राटदारांच्या सल्ल्याबद्दल लिहितो.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी ते खाली सोडू लागतो. म्हणूनच खोली भर दुपारपेक्षा रात्री नऊ वाजता अधिक तापलेली वाटते. फॉल्स सीलिंगवर ग्लासवूल घातल्यास खोलीला आराम निश्चित मिळेल, परंतु स्लॅब पूर्वीइतकाच तापत राहील, प्रसरण-आकुंचनाने त्याला तडे जात राहतील आणि पावसाळ्यात त्यांतून झिरपलेले पाणी तुमच्या नकळत त्या लोकरीत साचून बसेल. एका घरात मी असे छत उघडायला लावले, तेव्हा आत काळी बुरशी पसरलेली होती. मालकांना वर्षभर येणारा वास लाकडी कपाटाचा वाटत होता. गोव्यातल्या हवेत अडवायची उष्णता स्लॅबच्या वरच अडवावी, हे माझे ठाम मत आहे.

तिची रीत अशी: आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग पक्के करावे, त्यावर एक्सपीएस नावाचे, पाणी न शोषणारे फोमचे पत्रे बसवावेत, त्यावर उतार देऊन कोबा करावा आणि शेवटी पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे लावावेत. पैसे वाचवण्यासाठी साधा थर्माकोल वापरू नये, कारण तो ओल धरतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा १.२ (वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश) ठेवली आहे; आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी आत येते. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो आणि माझ्या हिशेबाने अवघ्या २५ मिलिमीटर एक्सपीएसने तो एकच्या आसपास उतरतो. त्याच संहितेत आपल्यासारख्या उष्ण-दमट प्रदेशातील घरांना आतल्या वापराच्या (कार्पेट) क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडणारी दारे-खिडक्यांची जागा सांगितली आहे. वरच्या खोलीची खिडकी तेवढी आहे का, तेही एकदा मोजून पाहावे.

पत्र्याच्या शेडीला मी वाईट म्हणणार नाही. आपल्याकडे ती गळतीसाठी घालतात, पण ती स्लॅबवर सावलीही धरते. अट इतकीच की पत्रा फिक्या रंगाचा असावा आणि चारही बाजू उघड्या राहाव्यात. पुढे लोक तिथे जुनी कपाटे नि नारळ ठेवू लागतात, मग आडोसा म्हणून बाजू बंद करतात, वारा थांबतो आणि त्या जागेची भट्टी होते. कौलारू भागाला मात्र हात लावू नका. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाते म्हणूनच तुम्हाला तिथे झोप लागते.

डिचोलीकर

गेल्या वर्षी मी तीन किलोवॉटची यंत्रणा बसवली. खर्च सुमारे १ लाख ९० हजार रुपये आला आणि ७८,००० परत मिळाले. विक्रेत्याने मला सांगितल्या नव्हत्या, अशा काही गोष्टी लिहून ठेवतो.

नावाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवा. अर्ज वीज ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदान त्या ग्राहकाच्याच बँक खात्यात जाते, त्यामुळे वडिलांच्या नावावर पुढे सरकता येणार नाही. वीज खात्याकडे नावबदलाचा अर्ज करताना मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि इतर वारसांची ना हरकत पत्रे लागली होती. आमच्या घराला सात वारस, त्यांतले दोघे परदेशी. पॅनेल दोन दिवसांत बसले, पण सह्यांना चार महिने गेले.

दुसरी गोष्ट माडांची. एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या साऱ्या ओळीची वीज घटते. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर उभे राहून सावल्या पाहाव्यात. वरून पडणाऱ्या नारळाचाही विचार करावा, हे हसण्यावारी नेऊ नये.

तिसरी गोष्ट अशी की वीज खंडित झाली की बॅटरी नसलेली यंत्रणाही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचना असते. जूनच्या पहिल्या वादळात आम्ही पॅनेलखाली अंधारात बसलो होतो, तेव्हा आईने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

फोंडेकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. पत्रा आणि फॉल्स सीलिंग हे दोन्ही बेत मी बाजूला ठेवतो. नावबदलाला वेळ लागणार असल्याने तोवर दीड लाखातून गच्चीचे काम उरकून घ्यावे आणि सौर यंत्रणा पुढच्या वर्षी बसवावी, असा विचार आहे. माझ्या माहितीप्रमाणे योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंतच आहे, त्यामुळे वारसांच्या मागे आजपासूनच लागतो. फक्त एक शंका उरते. आधी कोबा आणि फरशी केली, तर पुढे पॅनेलचे पाय बसवताना ती फोडावी लागेल का?

चिरा आणि चुना

आताच ठरवले तर फोडावी लागणार नाही. पॅनेलच्या पायांच्या जागा सौर विक्रेत्याकडून आजच आखून घ्याव्यात आणि वॉटरप्रूफिंगच्या आधी त्या जागी स्लॅबवर काँक्रीटचे छोटे चौथरे ओतून त्यांत बोल्ट पुरून ठेवावेत. वॉटरप्रूफिंग चौथऱ्यांच्या अंगावर वीतभर चढवावे, एक्सपीएस त्यांच्याभोवती कापून बसवावे आणि बोल्टना ग्रीस लावून वर पाइपचे तुकडे घालून ठेवावेत, नाहीतर एका पावसाळ्यात ते गंजतील. चौथरे किमान फूटभर उंच असावेत, म्हणजे पॅनेलखालून वारा खेळेल आणि फरशी झाडायला केरसुणीही जाईल.